जुन्या हायब्रिड गाडीचा ए.सी. : गॅस भरण्यापूर्वी ऐब शोधा

"गॅस कमी झाला असेल, भरून टाकू." गाडीचा ए.सी. गार करीत नाही अशी तक्रार घेऊन बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईच्या कोणत्याही गॅरेजवर जा, पहिले वाक्य बहुधा हेच कानी पडते. साध्या गाडीच्या बाबतीत या वाक्याने फार मोठे नुकसान होत नव्हते. थोडे पैसे गेले, उन्हाळा निघून गेला, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. परंतु आता आपल्याकडे जुन्या हायब्रिड गाड्या हातोहात विकल्या जाऊ लागल्या आहेत आणि या गाड्यांत तेच वाक्य मालकाला फार महाग पडू शकते. कारण अशा गाडीचा ए.सी. आणि तिची मोठी बॅटरी यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. ए.सी. मंदावला म्हणजे गाडी आपल्याला काहीतरी सांगत आहे. गॅस भरून तिचे तोंड बंद करणे हा इलाज नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी, गाड्यांचे मिस्त्री नव्हे. तरीही हा विषय आमच्या धंद्याशी जोडलेला आहे. बीड शहराला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत आमच्या दोन पिढ्यांनी मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर आणि सुरतेच्या सगळ्या खेपा रस्त्यानेच केल्या आणि आजही बहुतेक खेपा रस्त्यानेच होतात. लग्नसराईची खरेदी म्हणजे ऐन वैशाख. एकेकाळी आपल्याकडच्या जीपगाडीत ए.सी. म्हणजे बाजूची ताडपत्री वर गुंडाळणे एवढाच अर्थ होता. आता घरातील वडीलधाऱ्यांना दवाखान्यासाठी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) न्यायचे तरी ए.सी. लागतो. नवी गाडी झेपत नाही म्हणून आपले लोक पुण्या-मुंबईहून आलेली चार-पाच वर्षे चाललेली गाडी घेतात. हायब्रिड असेल तर पेट्रोल वाचते हा हिशेब खराच आहे. फक्त त्या हिशेबात ए.सी. कुठे बसतो हे कोणी सांगत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. "हायब्रिड" या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या जातींच्या गाड्या विकल्या जातात. मारुतीने २०१५ साली सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्यांना एस.एच.व्ही.एस. नावाची जोड दिली. ही हलकी हायब्रिड. तिच्यातील छोटी विजेची मोटर इंजिनाला हातभार लावते, पण गाडी एकटीने चालवीत नाही. दुसरी जात पक्क्या हायब्रिडची. तिच्यात मोठी बॅटरी असते आणि काही अंतर गाडी निव्वळ विजेवर धावते. होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रिड आणली, टोयोटाची प्रियस २०१० साली आली, कॅमरी हायब्रिड २०१३ साली. या गाड्या आपल्याकडे क्वचितच दिसल्या. खरी वाढ झाली ती २०२२ पासून. होंडा सिटीची हायब्रिड, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस, या सगळ्या त्याच वर्षातल्या. त्यातही ग्रँड विटारा आणि हायरायडर या दोन्ही गाड्या हलक्या आणि पक्क्या अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. दलाल नुसते "हायब्रिड आहे साहेब" म्हणतो तेव्हा कोणती, हे विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच वाटत असेल तर बॉनेट उघडून पाहावे. ए.सी.चा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असेल तर ती हलकी हायब्रिड. कंप्रेसरला पट्टा नसून जाड नारिंगी रंगाची केबल गेलेली असेल तर ती पक्की.

हलक्या हायब्रिडची तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. रस्त्यावर धावताना ए.सी. बरा असतो, पण चौकात किंवा रेल्वे फाटकावर थांबले की हवा कोमट होते. इथे बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते. थांब्यावर पेट्रोल-डिझेल वाचावे म्हणून गाडी स्वतःहून इंजिन बंद करते. इंजिन थांबले की पट्टा थांबतो, पट्टा थांबला की कंप्रेसर थांबतो, आणि पंखा तेवढा जुनीच हवा फेकत राहतो. इंजिन आपोआप बंद होऊ न देण्याचे एक बटण समोरच असते. आपल्या उन्हाळ्यात ते दाबून ठेवावे. दरवेळी गाडी सुरू केल्यावर ते पुन्हा दाबावे लागते, एवढीच कटकट. एवढ्यावर जर हवा गार राहिली तर गॅरेजला जाण्याचे कारण नाही. या एका बटणाच्या अज्ञानापोटी किती जणांनी विनाकारण गॅस भरून घेतला असेल, याचा विचार केला तर हसावे की रडावे कळत नाही.

पक्क्या हायब्रिडचे तंत्र वेगळे आहे आणि आमचे मुख्य म्हणणे तिच्याबद्दलच आहे. घरातील इन्व्हर्टर ए.सी. आता बऱ्याच वाचकांना माहीत आहे. त्याचा कंप्रेसर खट्कन सुरू, खट्कन बंद असा चालत नाही. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करीत तो चालतो. पक्क्या हायब्रिडचा कंप्रेसर याच जातीचा असतो. त्याच्या पोटातच विजेची मोटर असते आणि तिला वीज मिळते गाडीच्या मोठ्या बॅटरीतून. म्हणून इंजिन बंद असले तरी आत गारवा राहतो. प्रियसची दुसरी पिढी २००३ साली जपानात निघाली तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला.

आता दुसरी बाजू पाहा. ती मोठी बॅटरीही तापते आणि तिलाही गारवा लागतो. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत एक छोटा पंखा गाडीच्या आतली, म्हणजे आपण बसतो तिथली, हवा ओढून बॅटरीवरून फिरवतो. म्हणजे ए.सी. चालतो बॅटरीच्या जोरावर आणि बॅटरी श्वास घेते ए.सी.ने गार केलेल्या हवेचा. बाहेर ४२ अंश ऊन आहे, ए.सी. मंद आहे, आत ३५ अंशांची कोंडलेली हवा आहे, तर बॅटरीला तीच गरम हवा मिळणार. बॅटरी ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की गाडीतला संगणक तिला जपण्यासाठी तिच्याकडून कमी काम घेतो, आणि मग कंप्रेसरला मिळणारी वीजही कमी होऊ शकते. असे हे चक्र आहे. उष्णता ही बॅटरीच्या आयुष्याची वैरी आहे, हे कोणताही जाणकार सांगेल. तेव्हा हायब्रिड गाडीत "ए.सी. काय, चैनीची वस्तू, पुढे पाहू" असे म्हणणाऱ्याने आपण बॅटरीबद्दल बोलत आहोत हे लक्षात ठेवावे. आणि बॅटरीची किंमत ऐकली तर भल्याभल्या व्यापाऱ्याचा गल्ला हलतो.

यातूनच जुनी गाडी पारखण्याची एक सोपी रीत निघते. गाडी दुपारी उन्हात उभी करावी, ए.सी. पूर्ण सोडावा आणि शांत बसून राहावे. बॅटरीचा साठा कमी झाला की इंजिन आपोआप सुरू होईल, बॅटरी भरेल आणि पुन्हा बंद होईल. हे नैसर्गिक आहे. पण इंजिन सारखेच चालू-बंद होऊ लागले, पडद्यावरची बॅटरीची पातळी झरझर खाली उतरली आणि तशीच झरझर वर चढली, तर बॅटरीची धारणशक्ती संपत आल्याची शंका घ्यावी. अर्धा तास बसावे लागते. जो विक्रेता या अर्ध्या तासाला नाही म्हणतो त्याने आपले उत्तर दिलेच आहे.

आता ए.सी. मंद का होतो ते पाहू. आमचा आग्रह असा की आधी बिनपैशाच्या गोष्टी तपासाव्यात. हायब्रिड गाडीत इको नावाचा एक प्रकार असतो. तो चालू असेल तर गाडी स्वतःच ए.सी.चा जोर कमी करते. पुण्याच्या हवेत त्याने भागते, गेवराईच्या मे महिन्यात भागत नाही. बाहेरची हवा आत घेण्याचे बटण चालू राहिले असेल तरी ए.सी. हतबल होतो, कारण मग त्याला सतत चाळीस अंशांची नवी हवा गार करावी लागते.

त्यानंतर धूळ. आपल्या जिल्ह्यात धुळीला तोटा नाही, आणि जिनिंगच्या हंगामात कापसाचा बारीक तंतू हवेत तरंगत असतो. आमच्या गाडीने वडवणी-माजलगावच्या बाजूला चार खेपा केल्या की पुढच्या जाळीवर पांढरी साय धरते. त्या जाळीच्या मागेच कंडेन्सर असतो. आतून ओढलेली उष्णता बाहेर टाकण्याचे काम त्याचे. त्याच्या बारीक पात्यांत कापूस, ऊसतोडीच्या दिवसांतले पाचट आणि माती अडकली की उष्णता बाहेर पडत नाही. हलक्या धारेच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने तो धुवावा. वॉशिंग सेंटरची तोफेसारखी धार मात्र मारू नये, पाती दुमडतात आणि रोगापेक्षा औषध जड होते. हातमोजाच्या कप्प्यामागे आतल्या हवेचा फिल्टर असतो. काळाकुट्ट झालेला फिल्टर आम्ही स्वतः काही गाड्यांतून काढलेला आहे. एका गाडीत तर उंदराने तिथे सरकीचे कोठारच केले होते. हा फिल्टर बदलणे बारा वर्षांच्या मुलालाही जमते.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे बॅटरीच्या हवेची खिडकी. बहुतेक वेळा ती मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते. नक्की कुठे, ते गाडीसोबतच्या पुस्तकात चित्रासह दिलेले असते. काही गाड्यांत तिच्यावर लहान फिल्टर बसवलेला असतो. आता आपल्या व्यापारी बंधूंची सवय पाहा. मागची सीट म्हणजे गोदाम! साड्यांचे गठ्ठे, चादरींची बंडले, वर बारदान. ही खिडकी झाकली गेली की बॅटरीचा श्वास कोंडला. कापडाचा तंतूही तिथेच जाऊन बसतो. कापडवाल्याने हायब्रिड घेतली तर दर दोन महिन्यांनी ही जाळी ब्रशने साफ करावी, माल ठेवताना तिच्यापुढे वीतभर जागा मोकळी सोडावी. शोरूमवाला हे सांगत नाही, कारण त्याला आमचा धंदा ठाऊक नसतो.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर मग लक्षणे नीट पाहून मिस्त्रीकडे जावे. स्वयंपाकघरात वापरतात तसा साधा थर्मामीटर हवेच्या जाळीत अडकवावा. बाहेर चाळीस अंश असताना, आतलीच हवा फिरवत ठेवली तर काही मिनिटांत जाळीतून दहा-बारा अंशांच्या आसपास हवा यावयास हवी. उभ्या गाडीत हवा कोमट आणि धावत्या गाडीत गार, तर कंडेन्सरचा पंखा किंवा साचलेली घाण. सुरुवातीला उत्तम आणि तासाभराने हवेचा झोतच कमी, तर आतल्या कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता. चालकाच्या बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम, तर आतल्या पडद्याची छोटी मोटर पाहावी. झोत जोरदार आहे पण गारवा कुठेच नाही, तेव्हा कुठे गॅसचा विचार करावा. हकीमसाहेब नाडी धरण्यापूर्वी चार प्रश्न विचारतात. मिस्त्रीनेही विचारावेत, आणि गिऱ्हाइकाकडे त्यांची उत्तरे तयार असावीत.

गॅसबद्दल एक गैरसमज फार खोल रुजला आहे. तो पेट्रोलसारखा खर्च होतो असे लोकांना वाटते. वास्तविक तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळाला. गळती न शोधता वरून भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. दुसरे असे की तो अंदाजाने भरावयाचा नसतो. किती ग्रॅम आणि कोणता, हे बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. अशा लहान गाड्यांत सगळा गॅस साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो, म्हणून पन्नास-शंभर ग्रॅमची चूकही गारव्यावर परिणाम करते. जास्त भरला तरी ए.सी. मंदावतो, हे अनेकांना पटत नाही, पण तसेच आहे. जुना गॅस यंत्राने काढून घेणे, नळ्यांतील हवा आणि ओल पंपाने ओढून टाकणे आणि मग काट्यावर वजन करून भरणे ही रीत आहे. घड्याळाचा काटा पाहून "झाले उस्ताद" म्हणणे ही रीत नव्हे. मापतोलाबद्दल कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, ती आपण दुकानाच्या तराजूपुरतीच समजून घेतो. गॅसच्या सिलिंडरलाही तराजू असतो. स्वस्तातल्या सिलिंडरांत ज्वालाग्राही वायूची भेसळही आढळते, म्हणून पक्की पावती असलेलाच माल घ्यावा.

आणि गॅसपेक्षाही घातक चूक तेलाची आहे. कंप्रेसरच्या आत वंगणासाठी तेल असते आणि ते गॅसबरोबर सगळीकडे फिरते. पट्ट्यावर चालणाऱ्या साध्या कंप्रेसरमध्ये सामान्यतः पी.ए.जी. जातीचे तेल वापरतात. पक्क्या हायब्रिडच्या कंप्रेसरमध्ये विजेची मोटर त्याच तेलात आणि गॅसात बुडालेली असते. तिथे वीज अडवून धरणारे तेल लागते. ते पी.ओ.ई. जातीचे असते, आणि टोयोटाच्या अनेक गाड्यांत एन.डी.-११ या नावाचे. त्यात पी.ए.जी. तेल अगदी थोडे मिसळले तरी वीज अडवण्याची शक्ती झपाट्याने घसरते. वीज कंप्रेसरच्या धातूकडे झिरपू लागते, गाडीचा संगणक ते ओळखतो, धोक्याचा दिवा लावतो आणि पुष्कळदा गाडी सुरूच होऊ देत नाही. मिस्त्रीने काही वाईट केले असेही नव्हे. कालच त्याने त्याच नळ्यांनी आणि त्याच यंत्राने दुसऱ्या साध्या गाडीत गॅस भरला, आणि नळ्यांतले उरलेले तेल या गाडीत गेले! कंप्रेसर बदलायचा, सगळ्या नळ्या धुवायच्या, म्हणजे हजाराच्या कामाचे लाख होतात. आमच्या ओळखीच्या एका भुसारवाल्याच्या गाडीचे असेच झाले. गॅस भरून तो हसत निघाला आणि दुसऱ्या आठवड्यात गाडी ट्रकवर लादून न्यावी लागली. गळती बुजवणारे जे द्रव डबे बाजारात मिळतात, ते तर अशा गाडीच्या जवळही येऊ देऊ नयेत.

जिवाचा प्रश्नही आहे. ग्रँड विटाराच्या पक्क्या हायब्रिडची बॅटरी पावणेदोनशे व्होल्टच्या वर आहे, प्रियसची दोनशेच्या वर होती, आणि पुढे यंत्रणेत काही गाड्यांत हा दाब कित्येक पटींनी वाढवला जातो. नारिंगी केबल याच विजेची. ती सोडवण्यापूर्वी ठरावीक प्लग काढून वीज तोडावी लागते, कंपनीने सांगितलेली मिनिटे थांबावे लागते, विजेसाठीचे खास रबरी हातमोजे घालावे लागतात. शिवाय गाडी शांत उभी आहे म्हणून ती बंद आहे असे समजू नये. रेडीचा दिवा लागलेला असेल तर इंजिन आणि पंखे कोणत्याही क्षणी आपोआप फिरू लागतात. आमच्या गॅरेजांतून पंधरा-सोळा वर्षांची मुले पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकलेली असतात. उस्ताद मंडळींना आमची विनंती आहे की या कामाला शागीर्दाचा हात पुढे करू नका.

आता विक्रेत्याबद्दल. गाडी विकण्यापूर्वी गॅस भरून आणणे हा आपल्याकडे रिवाजच झाला आहे. महिनाभर हवा गार राहते, तेवढ्यात गाडी खपते, गळती नव्या मालकाच्या वाट्याला येते. याला लोक "गाडी तयार करणे" म्हणतात. सहीह मुस्लिममध्ये ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेला प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेला आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून गेले, त्यांनी आत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य वर ठेवायचे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला बजावले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. त्या माणसाने धान्य भिजवले नव्हते हे लक्षात घ्यावे. पाऊस त्याच्या हातात नव्हता. दोष ओल असण्याचा नव्हता, ती खाली दडवण्याचा होता. जुन्या गाडीत ऐब असणारच. त्यावर गार हवेची महिनाभराची झालर लावणे हा मात्र विक्रेत्याचा उद्योग आहे.

आमच्या कापडाच्या धंद्यात थानात डाग किंवा तुटलेला धागा असेल तर जुने व्यापारी त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधत. दोरा दिसला की गिऱ्हाईक समजे, भाव त्याप्रमाणे ठरे आणि माल विकलाही जाई. ऐब सांगितल्याने माल पडून राहतो ही भीती अनुभवाने खोटी ठरलेली आहे. "जशी आहे तशी घ्या, नंतर तक्रार नाही" असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. अशा शर्तीचे फिकहात काय स्थान आहे हे उलेमांना विचारावे, तो आमचा अधिकार नव्हे. पण खियार-ए-ऐब, म्हणजे सौद्यापूर्वीचा दडलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क, हा आपल्या शरीअतने ग्राहकाला दिलेला आहे. माहीत असलेला ऐब झाकण्यासाठीच जर ही शर्त घातली जात असेल, तर तिच्या आड लपणाऱ्याला आम्ही व्यापारी म्हणणार नाही.

कारीगर बंधूंना वेगळे सांगावेसे वाटते. मोटार दुरुस्तीचा धंदा आपल्या समाजाने हाताच्या कसबावर उभा केला. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे उस्ताद या जिल्ह्यात होते आणि आहेत. पण या गाडीला आवाजच नाही! तिची नाडी संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर दिसते. डिझेल गाड्यांत संगणक आला तेव्हाही बऱ्याच जणांनी तोंड फिरवले होते आणि ते काम मोठ्या शहरांकडे गेले. या वेळी तसे होऊ नये. आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमांत आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल असा स्वतंत्र ट्रेड आहे. जवळच्या संस्थेत तो आहे का, याची चौकशी दहावी झालेल्या मुलासाठी जरूर करावी. गॅस काढून वजनाने भरणारे यंत्र एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच गॅरेजवाल्यांनी शिरकतीत घ्यावे आणि त्यातले एक, नळ्यांसकट, फक्त पक्क्या हायब्रिडसाठी राखून ठेवावे. ज्याला हे काम येत नाही त्याने "हे माझे काम नव्हे" असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवावे. त्यात कमीपणा नाही. ते गिऱ्हाईक क्लचप्लेट बदलायला त्याच्याकडेच येईल.

खरेदीदाराने कागद पाहताना तीन गोष्टी विसरू नयेत. टोयोटा आणि मारुती यांच्या पक्क्या हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतची हमी दिली जाते. २०२२ ची गाडी असेल तर हमीची बरीच वर्षे शिल्लक आहेत. मात्र ती नव्या मालकाच्या नावे चालू राहते का आणि मधल्या काळात बाहेरच्या कोणी उच्च दाबाची यंत्रणा उघडली होती का, हे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर देऊन विचारावे. सर्व्हिसची जुनी नोंद तिथेच मिळते. त्यात ए.सी.चा गॅस दोनदा-तीनदा भरल्याचे दिसले तर गळती जुनी आहे असे धरून भाव करावा.

दुसरे, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे व्यापाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते आहे का, ते पाहावे. तिसरे, जी.एस.टी.चा घोळ. डिसेंबर २०२४ च्या कौन्सिलच्या बैठकीत ठरलेला १८ टक्के दर नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. तेव्हा पूर्ण किमतीवर अठरा टक्के मागणाऱ्याला हिशेब विचारावा.

सौद्याच्या चिठ्ठीत आणखी एक ओळ लिहून घ्यावी, असे आम्ही आमच्या घरच्यांना सांगून ठेवले आहे : ए.सी.त शेवटचा गॅस कोणत्या तारखेला, किती ग्रॅम आणि कोणत्या गॅरेजात भरला, कोणते तेल वापरले, आणि गळती सापडली होती की नाही. विक्रेत्याला आठवत नसेल तर "माहीत नाही" असे लिहून खाली सही घ्यावी.